लेफ्ट बॅक दाभाडे

पोस्टवर आम्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चढलो. उंची चौदा हजार फुटांच्या आसपास. माणसं अठरा. सुभेदार साहेब पोस्ट कमांडर आणि त्यांच्या खालोखाल मी, हवालदार शिंगाडे. चढायला दोन दिवस लागले. रांगेत माझ्या मागं चौथा होता नायक मिलिंद दाभाडे. खरं तर तो तिथं असायला नको होता. त्याच सुमारास खाली मैदानी मुलुखात सैन्याच्या फुटबॉल संघाचा निवड कॅम्प सुरू होत होता आणि त्या यादीत त्याचं नाव होतं.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. मी आता शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. बायको दोन वर्षांमागं गेली. मुलगी पुण्याला असते, रविवारी फोन करते. एरवी माझ्या फोनला फारसं काम नसतं. म्हणून जानेवारीत एका अनोळखी नंबरवरून फोन आला तेव्हा मी दचकलोच.

पलीकडं पुण्याचे एक निवृत्त बँक कारकून होते. लष्करी संघांतल्या जुन्या फुटबॉल खेळाडूंची यादी करतात. कुणी सांगितलेलं काम नाही, स्वतःची हौस. म्हणाले, "दाभाडे एम. असं एक नाव आहे. बचावपटू. कमांडच्या संघाकडून एक सामना. त्याच्यापुढं काही नाही. तुम्ही त्याच बटालियनचे गोलकीपर ना?"

"होय."

"पूर्ण नाव, जन्मतारीख, गोल किती, खेळणं कधी थांबवलं, एवढं मिळेल का?"

मी म्हणालो, गोल एकही नाही. बाकीचं बघून कळवतो. फोन ठेवला आणि गेटवरच्या गाड्यांची नोंद करत शिफ्ट संपवली. त्या माणसाला फोनवर जे सांगता आलं नाही ते इथं लिहितो.

दाभाडे कन्नड तालुक्यातला. गाव घाटाच्या तोंडाशी. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि शिकलंच पाहिजे हा एकच नियम. बारावी झाल्यावर तो भरतीला उभा राहिला आणि पहिल्याच खेपेला निवडला गेला. फुटबॉलचे बूट त्यानं सैन्यात आल्यावर पहिल्यांदा पायात घातले. त्याआधी कबड्डी. पकडीत तरबेज होता, असं त्यानंच सांगितलं, आणि पुढं मला ते दिसलंही. माणसावर झेप घेण्याआधी तो थांबायचा. समोरच्याला चूक करू द्यायचा.

मी खुलताबाद तालुक्यातला. आमचं घर मेंढरांचं. लहानपणी अख्खा दिवस माळावर कुणाशी न बोलता काढायची सवय होती, ती गोलपोस्टात कामाला आली. कीपरला बोलायला जवळ कुणी नसतं. लेफ्ट बॅक तेवढा असतो. दाभाडे मला उस्ताद म्हणायचा. मैदानावर आमची भाषा चार शब्दांची. मी "माझा" म्हणालो की तो बाजूला व्हायचा. "जा" म्हणालो की बॉलवर जायचा. "सोड" म्हणालो की सोडायचा. "वेळ आहे" म्हणालो की बॉल थांबवून मान वर करायचा. सात सीझन तो माझ्या पुढं खेळला. एकदाही माझ्या आवाजाच्या उलट गेला नाही.

सात सीझनमध्ये त्याला कुणी उचलून नाचवलं नाही. गोल मारणाऱ्याचं नाव ऑर्डर बोर्डवर लागायचं. गोल अडवल्यावर कधी माझंही लागायचं. जे हल्ले माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत त्यांचा हिशोब कुठं नव्हता. बटालियनच्या संघाचा फोटो काढला त्या दिवशी तो एमआय रूममध्ये, युनिटच्या दवाखान्यात, भुवईला टाके घालून घेत होता. फोटोत तो नाही. कमांडच्या संघाकडून खेळला तो सामनाही असाच. शेवटची वीस मिनिटं उतरवलं आणि छापील कागदावर त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं.

एक सामना मात्र सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या एका युनिटचा राइट विंगर होता. पंजाबी, हरणासारखा पळणारा. आधीच्या तीन सामन्यांत त्यानं पाच गोल केले होते. आमच्या कोचनं दाभाडेला एवढंच सांगितलं, "आज हा माणूस तुझा." नव्वद मिनिटं दाभाडे त्याच्यापासून एका हाताच्या अंतरावर राहिला. ना ढकललं, ना पाय घातला. तो थांबला की हा थांबायचा, तो निघाला की हा निघायचा. सामना शून्य-शून्य सुटला. शेवटची शिट्टी वाजल्यावर तो विंगर चालत आला.

"नाम क्या है तेरा?"

"दाभाडे."

"दाभाडे, यार, तूने तो मेरा पूरा दिन खराब कर दिया." आणि त्यानं आपली जर्सी काढून दिली.

दाभाडेनं ती कधी घातली नाही. घडी करून ट्रंकेत तळाला ठेवली. मला म्हणाला, "उस्ताद, नाव इचारलं त्यानं." एवढंच.

कॅम्पचं पत्र सप्टेंबरात आलं. बटालियनच्या सीओ साहेबांनी दाभाडेला बोलावलं. मी टीम एनसीओ म्हणून बरोबर होतो. साहेब म्हणाले, "बटालियन वर जाते आहे. पत्र आलंय, तुला सोडायला मी तयार आहे. जायचं असेल तर जा, यायचं असेल तर ये. तू ठरव. उद्या सकाळी साडेसातला सांग."

संध्याकाळी मी गोलची जाळी उतरवत होतो. दुसरं टोक त्यानं धरलं. आम्ही घडी घालायला लागलो.

"उस्ताद, काय करू?"

मला माहीत होतं काय सांगायचं ते. सांगायला हवं होतं, जा. तुझं वय सत्तावीस, पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही. पण माझ्या मनात दुसरंच होतं. वर सहा महिने. अठरा माणसं, एक शेगडी. त्यात ज्याच्याशी मी बोलतो असा हा एक. मी त्याच्याकडं न बघता म्हणालो, "तुला वाटंल ते कर."

तो म्हणाला, "तुमी तर काय सांगतच नाय." आणि जाळी खांद्यावर टाकून स्टोअरकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला तो सीओ साहेबांपुढं सावधान उभा राहिला. "साहेब, बटालियनसोबत."

पोस्टवरचा दिवस ठरलेला असतो. पहाटे स्टँड-टू, सगळे हत्यार घेऊन मोर्च्यावर. मग बर्फ वितळवून पाणी. हत्यारांची सफाई. खालच्या पोस्टशी वायरलेस सेटवर दर तासाला बोलणं. डब्यातलं जेवण. पहाऱ्याची संत्री-ड्यूटी दोन तास, त्याहून जास्त उभं राहता येत नाही. नोव्हेंबरनंतर वाट बंद. पत्रं खालच्या पोस्टवर साठायची आणि हवा उघडली की लिंक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, जायचं. आमची चार माणसं खाली उतरायची, त्यांची चार वर चढायची, मधल्या खडकापाशी पाठीवरच्या पिट्टूतून बॅटऱ्या, औषधं आणि पत्रांची अदलाबदल.

हेलिकॉप्टर उतरण्यासाठी बंकरसमोर वीसेक पावलांची सपाट जागा दाबून ठेवलेली होती. दुपारी ऊन असलं की दाभाडे तिथं लोकरी मोज्यात चिंध्या भरून केलेला बॉल डाव्या पायानं मारायचा. मी समोर. दहा वेळा मारला की दोघांनाही धाप लागायची. मग बसायचो. शिपाई अंकुश काळे बाजूला उभा राहून आरडाओरडा करायचा. बीडकडचा पोरगेला शिपाई. त्याला स्वतःला खेळता येत नव्हतं, पण जगात कुठंही बॉल हलला की ओरडल्याशिवाय राहवत नसे.

"दाभाडे भाऊ, गोल मारा की एकदा! उस्ताद म्हातारं झालंय."

"माझं काम नाय ते," दाभाडे म्हणायचा.

फेब्रुवारीत सलग नऊ दिवस बर्फ पडला. दहाव्या दिवशी उघडलं. अकराव्या दिवशी लिंक पेट्रोल ठरलं. पार्टी चार जणांची. कमांडर नायक दाभाडे. लान्स नायक त्रिभुवन, शिपाई काळे, शिपाई म्हस्के. निघायची वेळ साडेपाच, कारण ऊन यायच्या आत वाटेतला नाला ओलांडायचा असतो. सकाळी बर्फ घट्ट असतो. पण पाच वाजता धुकं उतरलं. तीन तास हाताचा पंजा दिसत नव्हता. साडेआठला विरळ झालं. खालच्या पोस्टला त्रिभुवनसाठी औषध आलेलं होतं, त्याच्या हाताचं बोट हिमदंशानं काळं पडायला लागलं होतं, म्हणून त्यालाही खाली उतरवायचं होतं. सुभेदार साहेबांनी खालच्यांना विचारलं, मला विचारलं. मी म्हणालो, "साहेब, दहाच्या आत नाला पार होईल." पार्टी आठ चाळीसला निघाली.

सेटवर मी बसलो.

दहा वाजून पाच मिनिटांनी पहिला रिपोर्ट आला. "टायगर, टायगर वन. नाल्यावर पोचलो. बर्फ गुडघाभर, वेळ लागला. आता पार करतो. ओव्हर."

"टायगर वन, अंतर ठेवा. वरच्या उतारावर नजर. ओव्हर."

आमच्या पोस्टवरून नाला दिसत नाही. मध्ये डोंगराची एक सोंड येते. जे कळेल ते सेटवरच.

दाभाडेनं आधी म्हस्केला सोडलं. तो पलीकडं पोचला. मग त्रिभुवन आणि त्याच्या मागं वीस पावलांवर काळे. दाभाडे सेट घेऊन अलीकडच्या काठावर, सगळ्यांत शेवटी. दहा अठराला आवाज आला. तोफेसारखा नसतो तो. जड पोतं घसरल्यासारखा असतो, नुसता मोठा. आमच्या बंकरची भांडी हलली.

मी सेटवर ओरडलो, "टायगर वन, टायगर. रिपोर्ट. ओव्हर."

काही नाही. परत बोललो. तिसऱ्या खेपेला आवाज आला. धापा टाकत, पण आवाज शांत होता.

"टायगर, टायगर वन. एव्हलांच. दोघं खाली गेले. मी आन् म्हस्के बाहेर. ओव्हर."

सुभेदार साहेब तोवर दुसऱ्या सेटवर खालच्या पोस्टची रेस्क्यू पार्टी मागत होते. तिला यायला निदान पन्नास मिनिटं लागणार होती. गाडलेल्या माणसाला एवढा वेळ नसतो. पहिली पंधरा मिनिटं त्याची.

"टायगर, एक हात दिसतोय. हलतोय. जाऊ? ओव्हर."

नियम सांगतो, एकदा बर्फ सुटला की वरचा उरलेला कधीही सुटतो. आधी उतार बघा, संत्री लावा, मग आत जा. मी म्हणालो, "म्हस्केला उतारावर लाव. शिट्टी त्याच्या तोंडात. मग जा. ओव्हर."

"रॉजर."

अकरा मिनिटं सेट गप्प होता. नंतर म्हस्केनं सांगितलं, दाभाडेनं बर्फ काढायच्या छोट्या बेलच्यानं आणि हातांनी उपसून त्रिभुवनला बाहेर काढलं. त्रिभुवनचं तोंड निळं पडलं होतं, श्वास चालू होता. दाभाडेनं त्याला बगलेत धरून काठावर आणलं. तिथं सेट ठेवलेला होता.

"टायगर, त्रिभुवन बाहेर. जिता हाय. काळेचा पिट्टू दिसतोय, पट्टा वर आलाय. मध्यावर हाय. जाऊ? ओव्हर."

मी घड्याळ बघितलं. दहा एकतीस. ऊन पूर्ण चढलं होतं. सुभेदार साहेब दुसऱ्या सेटवर बोलत होते, त्यांची पाठ माझ्याकडं होती. त्यांना हाक मारायला दोन सेकंद लागली असती. मी हाक मारली नाही. सप्टेंबरात तो विचारायला आला होता तेव्हा मी गप्प बसलो होतो. आता गप्प बसायचं नाही एवढंच डोक्यात आलं.

"जा," मी म्हणालो.

"रॉजर. आउट."

दहा छत्तीसला तो आवाज दुसऱ्यांदा झाला.

म्हस्केनं सांगितलं ते असं. वरचा बर्फ चिरताना त्याला दिसला. त्यानं जीव खाऊन शिट्टी मारली. दाभाडेनं मान वर केली. उताराकडं बघितलं. काठ पंधरा पावलांवर होता. त्याच्या हातात काळेच्या पिट्टूचा पट्टा होता. त्यानं तो सोडला नाही.

मी सेटवर हाका मारत राहिलो. सुभेदार साहेबांनी माझ्या हातातून माउथपीस काढून घेतलं तेव्हा अकरा वाजून गेले होते.

रेस्क्यू पार्टीला दोघं चौथ्या दिवशी मिळाले. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. डॉक्टर साहेब म्हणाले, काळे पहिल्याच तडाख्यात गेला असावा. दाभाडे दुसऱ्यांदा आत उतरला तेव्हा वाचवण्यासारखं तिथं कुणी उरलं नव्हतं. हे मला खासगीत सांगितलं. रिपोर्टमध्ये आलं की नायक दाभाडेनं स्वतःच्या पुढाकारानं दोन साथीदारांसाठी जीव धोक्यात घातला. सुभेदार साहेबांनी तसं लिहिलं. मी सही केली. खोटं त्यात फक्त दोन शब्दांचं होतं. स्वतःच्या पुढाकारानं.

शवपेटी घेऊन कन्नडला मीच गेलो. त्याच्या आईला आणि बहिणीला तेच सांगितलं.  आई माझा हात धरून बसली. मला हात सोडवून घेता आला नाही. त्यानंतर दर फेब्रुवारीत जात राहिलो. चार वर्षांपूर्वी आई गेली. मग मी जायचं बंद केलं.

जानेवारीतल्या त्या फोननंतर जन्मतारीख हवी म्हणून मी सुट्टी टाकली. क्रांती चौकातून रिक्षानं स्टँडला, तिथून कन्नडची एसटी, पुढं जीप. बहीण संगीता गावातच असते. अंगणवाडी सेविका आहे. आता केस पांढरे व्हायला लागलेत. दारात मला बघून म्हणाली, "जय भीम, भाऊ. लई दिवसांनी."

"जय भीम."

मी काम सांगितलं. तिनं शाळेचा दाखला काढून दिला. मी तारीख उतरवून घेतली. ती चहा ठेवायला वळली.

"कोण इचारतंय म्हणला?"

"पुण्याचे एक जण हायेत. जुन्या खेळाडूंची यादी करतात."

"मिलिंद हाय त्यात?"

"हाय. एका ओळीत."

"खेळणं का थांबलं, ते लिव्हलंय?"

"ती जागा रिकामी हाय."

"मंग भरा की. तुमाला तर सगळं ठावं हाय."

घरात आम्ही दोघंच होतो. मी बसलो होतो ती पलंगाची कड धरली.

"संगीता, मी तुमाला खरं सांगितलं नाय. त्यो सोताहून गेला नव्हता. दुसऱ्या खेपेला त्यानं सेटवर मला इचारलं, जाऊ का म्हणून. मी जा म्हणालो."

तिनं गॅस बारीक केला. माझ्याकडं वळली नाही.

"तुमी नाय म्हणला असता तर?"

"थांबला असता."

"नक्की?"

"सात वर्षं माझ्या पुढं खेळला. सोड म्हणलं की सोडायचा."

चहा उतू जायला आला तसा तिनं तो उतरवला. कपात गाळला. एक कप माझ्यापुढं ठेवला, दुसरा हातात घेऊन खाली भिंतीला टेकून बसली.

"आईला सांगायला पायजे व्हतं तुमी."

"व्हय."

"ती जाईस्तोवर एकच म्हणायची. एवढ्या बर्फात माझं लेकरू एकलंच व्हतं. कुणी हाक मारायला बी नव्हतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी त्याच्याशी बोलत व्हते?"

"शेवटपर्यंत."

"काय म्हणला शेवटी?"

"रॉजर. म्हंजे, समजलं."

तिनं तो शब्द दोनदा ओठातल्या ओठात म्हणून बघितला. मग म्हणाली, "हे जरी आईला कळलं असतं, तरी ती निवांत गेली असती."

मला रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. माफही केलं नाही. संध्याकाळच्या जीपपर्यंत आम्ही बसून राहिलो. तिनं त्याच्या लहानपणाच्या गोष्टी सांगितल्या, मी मैदानावरच्या. निघताना म्हणाली, "फेब्रुवारीत येत जा. येणं बंद करू नका."

पुण्याच्या गृहस्थांना मी सगळं लिहून पाठवलं. माझ्या "जा"सकट. त्यांच्या यादीत ते मावणार नाही, हे मला माहीत आहे.

त्रिभुवन आता नाशिककडं असतो. दोन बोटं गेली, माणूस राहिला. म्हस्केचा पत्ता लागत नाही. शिपाई अंकुश काळेच्या घरी मी अजून गेलेलो नाही. त्याचं गाव बसनं पाच तासांवर आहे. या महिन्यात जायचं ठरवलं आहे. त्याच्या घरच्यांना सांगायचंय की त्याला एकट्याला सोडलेलं नव्हतं. त्याच्या पट्ट्याला एका माणसानं हात घातला होता आणि शिट्टी वाजल्यावरही तो हात सुटला नाही.

नायक मिलिंद दाभाडे. लेफ्ट बॅक. सात सीझन, गोल शून्य.

शिपाई अंकुश काळे. खेळत नव्हता. कडेला उभा राहून ओरडायचा, आणि त्याचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, गोलमध्ये उभ्या असलेल्या मलाही स्पष्ट ऐकू यायचा.